आपल्या मुलांचा स्वभाव व काटेकोरपणाचा अतिरेक

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी भंडारा येथे केलेले भाषण)



या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा "विद्यार्थ्यांनी यश कसे मिळवावे" यावर बोलावे असे त्यांनी सुचविले होते. गेली कित्येक वर्षे आम्ही या व्यासपीठावरून याच विषयावर बोलत आलो आहोत. खरे सांगावयाचे तर, आजवर जे बोललो त्यातील काही भागाचा आम्हांस आता पश्चात्ताप होत आहे. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून आम्ही विषय बदलला आहे. आम्ही वैद्य नव्हे, मानसशास्त्राचे पंडितही नव्हे. आम्ही चौतीस वर्षे तालुक्याच्या ठिकाणी गणित शिकविलेले एक मास्तर. तेव्हा जे सांगू ते मास्तराच्या अनुभवाचे, आणि जेथे शास्त्र येईल तेथे जाणत्यांस विचारून व वाचून घेतलेले, असे समजावे.

दोन वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर दहावीच्या ज्या मुलांस आपण शाल, श्रीफळ व रोख पारितोषिक दिले, त्यांत एक मुलगा होता. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही. त्याचे गाव वैनगंगेच्या अलीकडचे की पलीकडचे, हेही कोणी विचारू नये. त्याची व त्याच्या वडिलांची अनुमती घेऊन, आणि ओळख पटेल असे तपशील बदलूनच आम्ही हे सांगत आहोत. त्या दिवशी आम्हीच त्याची वही सभेस उंच धरून दाखविली होती. मोत्यासारखे अक्षर, दोन्ही बाजूंस समास, कोठे खाडाखोड नाही. "वही असावी तर अशी," असे आम्ही म्हणालो आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या.

यंदाच्या बारावीच्या सत्काराच्या यादीत त्या मुलाचे नाव नाही. भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेस तीन तासांचा अवधी होता; त्यातील पहिला सव्वा तास त्याने पहिल्या प्रश्नावर घालविला. उत्तर येत नव्हते असे नव्हे. आकृतीतील एक रेघ किंचित तिरपी आली, ती त्याने खोडली. खोडलेले दिसते म्हणून सबंध उत्तरावर काट मारली व पुढील पानावर तेच पुन्हा लिहिले. तेथे एका ओळीचे शब्द समासाबाहेर गेले. मग तिसऱ्यांदा. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका हातातून घेतली तेव्हा निम्म्याहून अधिक प्रश्न कोरे होते, आणि त्यांतील बहुतेकांची उत्तरे त्यास तोंडपाठ होती.

गावात जे बोलले जाते ते बोलले गेले. कोणी म्हणाले मोबाईलने घात केला, कोणी म्हणाले शहराचे वारे लागले, एका आजीबाईंनी दृष्ट काढली. निकालानंतर दोन दिवस तो जेवला नाही आणि त्याच्या आईने त्या दोन्ही रात्री त्याच्या अंथरुणापाशी बसून काढल्या. त्यानंतर त्याचे वडील आमच्याकडे आले. आम्ही त्या मुलाबरोबर चार संध्याकाळ बसलो, त्याच्या घरच्यांशी बोललो, आणि हळूहळू जे चित्र समोर आले ते असे.

अभ्यासाचे वेळापत्रक तो पाच रंगांच्या शाईने करी. एखादे दिवशी पाहुणे आले व दहा मिनिटे चुकली की ते वेळापत्रक बिघडले असे मानून नवे करावयास बसे. अशा रीतीने अभ्यासाचे दिवस वेळापत्रकातच सरत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाच मुलांनी मिळून एक प्रयोग मांडावयाचा होता. इतर चौघे नीट चिकटवीत नाहीत म्हणून त्याने सर्व काम आपल्याकडे घेतले, आणि प्रदर्शनाच्या दिवशी प्रयोग अर्धाच उभा राहिला. पावसाळ्यात रोवणीसाठी शेतावर पाठविले, तर काकूने लावलेले परे उपटून त्याने ते दोरी धरून पुन्हा एका रांगेत लावले. बाया हसल्या, पण दिवस मावळला तेव्हा बांधीचा एक कोपरासुद्धा झाला नव्हता, आणि घरी येऊन तो कोणाशी बोलला नाही. एसटीत आजीने धाकट्या नातवाचे वय एक वर्ष कमी सांगून अर्धे तिकीट मागितले, तेव्हा याने उभे राहून भावाची जन्मतारीख कंडक्टरास सांगितली. खरे बोलला, त्यात वावगे काय? वावगे एवढेच की पुढे आठ दिवस तो आजीशी बोलेना, आणि तिच्या हातचे पाणी घेईना. आपण दिलेले पारितोषिकाचे पैसे त्याने अद्याप मोडलेले नाहीत; चप्पल तुटली तरी तारेने बांधून वापरतो, कारण "पुढे अडचण आली तर?" संपलेल्या रिफिलींनी भरलेला एक पत्र्याचा डबा त्याच्या खाटेखाली आहे. त्यातील एकही टाकू देत नाही.

आणि सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, यात आपले काही चुकते असे त्या मुलास वाटत नव्हते. लोक गबाळे आहेत, लोक खोटे बोलतात, लोक अर्धवट काम करतात. आपण तेवढे बरोबर आहोत, असे तो शांतपणे आम्हांस सांगत होता.

शास्त्र यास काय म्हणते? प्रथम हे सांगितले पाहिजे की व्यवस्थितपणा हा दोष नव्हे. मनुष्याच्या स्वभावाचे जे पाच मुख्य विशेष मानसशास्त्रज्ञ अलीकडे मानतात, त्यांत कर्तव्यदक्षता हा एक आहे, आणि ज्या मुलांत तो अधिक असतो ती शाळेत सामान्यतः पुढे असतात. परंतु हाच गुण ताठर झाला, प्रसंग पाहून वाकेनासा झाला, आणि त्यामुळे कामच पुरे होईनासे झाले, की त्यास निराळे नाव मिळते. फ्रॉईडने १९०८ साली एका निबंधात अशा माणसांचे वर्णन केले होते. नेटकेपणा, काटकसर आणि हट्ट ही तीन लक्षणे एकत्र नांदतात, हे त्याचे निरीक्षण. त्याची जी मीमांसा त्याने केली ती आज फारशी कोणी स्वीकारीत नाही आणि या सभेत ती सांगण्याजोगीही नाही. परंतु निरीक्षण टिकले. आज डॉक्टर या विकारास ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात. आपण मराठीत त्यास काटेकोर स्वभावाचा विकार म्हणू या. शब्द ओबडधोबड असला तरी कोणास अडणार नाही.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली, तीत या विकाराची आठ लक्षणे दिली आहेत. तपशील, नियम व याद्या यांत इतके गुंतणे की मूळ उद्देश हरवावा, अचूकतेच्या आग्रहापायी काम अपुरे राहणे, काम व अभ्यास यांपुढे खेळ व मित्र यांस वेळ न देणे, नीतीच्या बाबतीत तसूभरही न वाकणे, निरुपयोगी वस्तू टाकता न येणे, दुसऱ्याच्या हाती काम न सोपविणे, पुढच्या संकटासाठी म्हणून पैशाला गाठ मारणे, आणि हट्ट. आठांपैकी चार असल्यास विचार करावा असे तो ग्रंथ सांगतो. प्रौढांत हा विकार शेकडा २.१ ते ७.९ एवढ्या प्रमाणात आढळतो, असे त्याच ग्रंथात नमूद आहे. म्हणजे या मंडपात बसलेल्या शंभर मोठ्या माणसांत दोन-चार, कदाचित सात. आम्ही कोणाकडे पाहत नाही.

पण मुलांच्या बाबतीत घाई करू नये, असे तोच ग्रंथ बजावतो. अठरा वर्षांखालील मुलाच्या स्वभावास विकार म्हणावयाचे तर ती लक्षणे निदान एक वर्ष सतत असावी लागतात, आणि ती एका परीक्षेपुरती वा एका भांडणापुरती नव्हे, तर घरी, शाळेत, मित्रांत, सर्वत्र दिसावी लागतात. या वयातील पुष्कळ लक्षणे मोठेपणी त्याच रूपात राहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची जी नवी वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिने तर स्वभावविकारांची जुनी वेगवेगळी नावे बहुतांशी मोडीत काढून एकच विकार ठेवला आहे. तो सौम्य, मध्यम की तीव्र हे पाहावयाचे, आणि मग स्वभावाचा कल कोणत्या बाजूस आहे ते नोंदवावयाचे. हा बदल आम्हांस शहाणपणाचा वाटतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या कपाळी कायमचे नाव चिकटविण्यापेक्षा, आज त्यास किती त्रास आहे आणि कोठे आहे, हे पाहणे बरे. "अति तेथे माती" ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. अति नेमके कोठून सुरू होते, हे मात्र म्हण सांगत नाही.

येथे एका गोंधळाचा निकाल लावला पाहिजे, कारण आमच्याही मनात तो होता. ज्यास आपण मंत्रचळ म्हणतो तो आजार निराळा. वारंवार हात धुणे, कुलूप दहादा ओढून पाहणे, मनात नको तो विचार सारखा येणे आणि तो घालविण्यासाठी काही ठरावीक कृती करीत राहणे, हा मंत्रचळ. ज्यास तो होतो त्यास तो छळतो. हे निरर्थक आहे असे बहुधा त्याचे त्यासच कळत असते, पण थांबविता येत नाही. आमच्या शाळेतील एक मुलगी दप्तर भरलेले असतानाही रात्री उठून उठून ते तपासी आणि रडे. तिला स्वतःलाच सुटका हवी होती. काटेकोर स्वभावाच्या मुलास सुटका नको असते. त्यास आपला नियम प्रिय असतो, आणि छळ होतो तो प्रथम भोवतालच्यांचा. दोन्हींवर उपचार आहेत, पण ते एक नव्हेत. आणि एक असला म्हणजे दुसरा असतोच असेही नाही.

आता आपल्या समाजाकडे वळतो, कारण ही गोष्ट आम्हांस पुस्तकात नीट उमगली नव्हती. ती आजोबांच्या आठवणीने उमगली.

आपला समाज मागावर वाढला. मोहाडी, आंधळगाव, पवनी ही नावे कोशाच्या कापडाबरोबर व रेशीमकाठी लुगड्यांबरोबर घेतली जात. ढिवर बांधवांनी ऐन-अर्जुनाच्या झाडांवर किडे जोपासून कोसले उतरवावे, बायकांनी त्यांतून धागा काढावा आणि आपण तो मागावर चढवावा, अशी ती साखळी होती. कोशाचा धागा गिरणीच्या सुतासारखा एकसारखा नसतो. कोठे जाड, कोठे बारीक, मध्येच एखादी गाठ. जो विणकर त्या धाग्याकडून गिरणीच्या सुताची अपेक्षा करील त्याचे लुगडे जन्मात पुरे व्हावयाचे नाही.

आमचे आजोबा करवतकाठी लुगडी विणीत. नव्या पिढीसाठी सांगतो : या लुगड्याचा काठ एका रंगाचा व अंग दुसऱ्या रंगाचे असते, आणि दोहोंच्या सांध्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. ती छापलेली नसते, तर तीन धोटे फिरवून विणतानाच साधावी लागते. दाते मोजावे लागतात. एक दाता चुकला तर खाली सर्व लांबीभर चूक उतरते. आजोबांचे डोळे त्या सांध्यावर खिळलेले असत, आणि चूक झालीच तर चार बोटे कापड विणून झाले असले तरी ते मुकाट्याने उसवीत. आम्ही लहानपणी ते पाहिले आहे आणि त्याचा अभिमान अद्याप बाळगतो.

परंतु आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली होती, जिची आठवण मध्यंतरी बुजली होती. ताण्याचा धागा तुटला की आजोबा माग थांबवीत, चिमटीस राख लावीत, दोन्ही टोके वळून सांधीत, आणि पुन्हा धोटा फेकीत. त्या सांध्याची बारीक गाठ कापडात राहून जाई. बोट फिरविले तर लागे. आम्ही नऊ-दहा वर्षांचे असू, आम्ही विचारले, "आबा, ही गाठ गिऱ्हाइकाला दिसन ना?" ते म्हणाले, "दिसू दे ना बापू. लुगडं नेसाचं हाये, पुजाचं नाही." बाजाराचा दिवस ठरलेला असे. त्या दिवशी कापड मागावरून उतरलेच पाहिजे, नाहीतर पुढच्या आठवड्याचे तांदूळ यावयाचे कोठून?

कोणती चूक उसवावयाची आणि कोणता धागा सांधून पुढे जावयाचे, हे त्या निरक्षर माणसास कळत होते. आमच्या त्या गुणवंत विद्यार्थ्यास ते कळत नव्हते. त्यास तिरपी रेघ आणि चुकलेले सूत्र ही दोन्ही सारखीच मोठी. आणि बाजाराचा दिवस त्याच्या हिशेबात कधी नव्हताच. काटेकोरपणाचा गुण व काटेकोरपणाचा विकार यांत फरक काय, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही आठ लक्षणांपेक्षा आधी हेच सांगू.

मग हे त्याने आजोबांकडून का उचलले नाही? त्याच्या घरचा माग वीस वर्षांमागे मोडला. आपल्या पुष्कळांच्या घरचा मोडला. कोणी नागपुरास गेले, कोणी धानाच्या गिरणीत, कोणी नोकरीत. माग गेला तो धागा सांधण्याची रीत घेऊन गेला. मागे राहिला तो फक्त अभिमान, की आम्ही एकही दाता चुकू देत नाही. तो अभिमान मुलांच्या वह्यांवर येऊन बसला.

आणि तो बसविण्यात आमचा हात होता, हे कबूल केल्यावाचून आम्हांस पुढे बोलण्याचा अधिकार नाही. आम्ही शिक्षक असताना शाईचा डाग पडलेले पान मुलासमोर फाडीत असू व पुन्हा लिहावयास लावीत असू. दहापैकी नऊ गणिते बरोबर असली तरी लाल शाई दहाव्या गणिताभोवतीच फिरे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे; त्याच्या आधारे आम्ही वर्गावर व्याख्याने दिली. गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल खेद प्रकट केला आहे. तोही आम्ही मुलांस न चुकता ऐकवीत असू. परंतु त्या वाईट अक्षरामुळे गांधीजींचे नेमके कोणते काम अडले, हा प्रश्न चौतीस वर्षांत आम्हांस एकदाही सुचला नाही.

आमच्यामुळे त्या मुलास विकार झाला असे आम्ही म्हणत नाही. जाणते सांगतात की असा स्वभाव काही अंशी जन्मजात असतो, काही अंशी घरच्या वळणाने घडतो, आणि एकाच घरातील दोन भावांत एक असा व दुसरा अगदी निराळा निघतो. पण आपण ज्या गोष्टीस टाळ्या वाजवितो ती गोष्ट मूल अधिक घट्ट धरते, एवढे समजण्यास मानसशास्त्र लागत नाही.

मुलींविषयी एक शब्द. या विकाराचे निदान पुरुषांत सुमारे दुप्पट होते असे २०१३ च्या त्या निदानग्रंथात म्हटले होते. आमचा संशय असा की आपल्याकडे मुलींचा तो दिसूनही दिसत नाही. डबे एका रांगेत नसतील तर जिला जेवण जात नाही, रांगोळीचा एक ठिपका सरकला म्हणून जी सबंध अंगण पुन्हा सारविते, बहिणीच्या हाती पोळपाट देत नाही, अशा मुलीस आपण डॉक्टरांकडे नेत नाही. "चांगल्या घरी पडेल," असे म्हणतो. ती मैत्रिणींत जात नाही, हसत नाही, परीक्षेआधी तिचे पोट दुखते, इकडे कोणाचे लक्ष जात नाही.

यावर उपाय काय? पहिली गोष्ट, थट्टा नको आणि बळजबरीही नको. वह्या विस्कटून "बघू या काय होते" असे करणाऱ्या मामांनी त्या मुलाचे दोन महिने मागे नेले. दुसरी गोष्ट, या विकारासाठी म्हणून ठरलेले असे औषध नाही. सोबत खिन्नता वा चिंता असेल तर डॉक्टर तिच्यासाठी औषध देतात. मुख्य उपचार बोलण्याचा व सवय पालटण्याचा असतो. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती मराठी वाचकांपर्यंत नेण्यात, १९९० साली ठाण्यास मानसिक आरोग्याची संस्था उभारणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांचा मोठा वाटा आहे. तिचा गाभा आपल्या भाषेत एका अक्षरात सांगता येतो : ते अक्षर म्हणजे "च". माझी वही नेटकी असावी, ही इच्छा. माझी वही नेटकीच असली पाहिजे, हा हुकूम. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते व मनुष्य पुढे जातो. हुकूम मोडला तर सारेच संपले असे वाटते. त्या मुलास आम्ही एका कागदावर आपली वाक्ये लिहावयास सांगितली, आणि त्यातील "च" मोजावयास सांगितले. मोजणे त्यास फार आवडते. पहिल्या दिवशी एकोणतीस निघाले, आणि तो प्रथमच थोडा हसला.

पुढील काम आमचे नव्हते. ते नागपूरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी केले. प्रश्नास घड्याळ लावून लिहिणे, वेळ संपताच वाक्य अर्धे असले तरी पुढील प्रश्नास हात घालणे, मुद्दाम एक खोडलेली ओळ तशीच ठेवून वही दुसऱ्यास दाखविणे, घरातील एक काम पूर्णपणे भावावर सोपवून तेथून निघून जाणे. ऐकावयास ही पोरखेळासारखी वाटतात. त्या मुलास पहिल्या वेळी घाम फुटला होता.

नागपूरचे नाव निघाले की आपल्याकडे लोकांचे तोंड उतरते, हे आम्ही जाणतो. "नागपूरला नेले" याचा एकच अर्थ आपल्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या होता, आणि तेथील मनोरुग्णालयाच्या नावाने मुलांस भीती घातली जात असे. त्या मुलाच्या वडिलांनी सहा महिने याच भीतीपोटी घालविले. सोयरीक जुळताना कोणी काढले तर काय, ही चिंता. बंधूंनो, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ७.३ मुलांस कोणता ना कोणता मनोविकार आढळला. त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु आपली मुले काही निराळ्या मातीची नाहीत. ज्यांस एकदम कोठे जाणे संकोचाचे वाटते त्यांनी १४४१६ या क्रमांकावर बोलावे. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, ती मोफत आहे व मराठीतही मिळते. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, तर मात्र संकोचास वेळ देऊ नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तो मुलगा पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झाला. गुण बेताचे आहेत. आपल्या सत्काराच्या नियमात बसत नाहीत. सर्व प्रश्न लिहिले, असे त्याने आम्हांस सांगितले. त्याचबरोबर, एका आकृतीत बाण उलटा पडला होता आणि तो तसाच राहिला, हेही सांगितले, आणि सांगताना त्याचा चेहरा पडला होता. रिफिलींचा डबा अजून खाटेखाली आहे. आजीशी बोलणे सुरू झाले आहे. आज तो या मंडपात आहे की नाही, हे आम्ही सांगणार नाही.

आता मंडळाच्या कामकाजापुरते दोन शब्द बोलून आम्ही बसणार. या समारंभात आपण केवळ टक्क्यांच्या क्रमाने नावे पुकारतो. शिक्षण मंडळाने गुणवत्ता यादी लावणे केव्हाच सोडले. आपण मात्र ती मांडवात लावून ठेवली आहे. तेव्हा आमचा ठराव असा : पुढील वर्षापासून सत्काराची नावे क्रमाने न पुकारता वर्णानुक्रमे पुकारावी, पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचीही नावे त्याच यादीत व त्याच आवाजात वाचावी, आणि पारितोषिक निधीतील एक हिस्सा, ज्या कुटुंबास मुलास मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याचा प्रवासखर्च झेपत नाही त्यांच्यासाठी, नाव गुप्त ठेवून, राखून ठेवावा. या निधीत आमच्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम आम्ही आजच चिटणीसांकडे दिली आहे. वही उंच धरण्याचा प्रघात आम्हीच पाडला होता, तो आम्ही आमच्यापुरता आजपासून बंद केला. ठराव अध्यक्षांच्या अनुमतीने सभेपुढे ठेवीत आहोत. कोणी अनुमोदन दिल्यास तशी नोंद व्हावी.